दोन पाळ्यांची मांजर

गुरुवार होता म्हणून भेट झाली. दीपमालाच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची. एरवी त्या वेळी ती तळवड्यातल्या शेडमध्ये टेबलापाशी उभी राहून पितळी नटबोल्टांतली खोट शोधत असायची, आणि खालच्या खोलीतला निरंजन दार लोटून झोपलेला असायचा. एकाच जिन्याच्या वर-खाली राहून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. ती पहिल्या पाळीची, तो दुसऱ्या पाळीचा. एकाची चप्पल दारात असली की दुसऱ्याची नसायची.

आश्विन लागला होता. पाऊस जायला निघाला होता, पण लेक सासरी निघताना उंबऱ्यात घुटमळते तसा घुटमळत होता. ऊन पडलेलं असायचं आणि त्या उन्हातच बारीक थेंब चमकत उतरायचे.

"कपाशी… ए कपाशी…"

मांजरीला हाका मारत दीपमाला जिना उतरली. शेवटच्या पायरीवर तिचा पाय थबकला. खालच्या खोलीच्या दारात एक तरुण बसला होता. केस विस्कटलेले, डोळ्यांत अर्धी झोप. आणि त्याच्या मांडीवर, स्वतःच्या घरी बसावी तशी, कपाशी.

"अहो, ती माझी मांजर आहे."

त्याने वर पाहिलं. "तुमची? ही तर आमची बयो."

"बयो काय? कपाशी नाव आहे तिचं."

"कपाशी हे काय मांजरीचं नाव झालं?"

"आणि बयो झालं? पांढरीशुभ्र आहे, बोंडातून आत्ता निघाल्यासारखी. कपाशीच म्हणणार की."

"आमच्याकडे कोकणात लाडक्या पोरीला बयो म्हणतात," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "पण भांडू नंतर. हिच्याकडे बघा जरा."

दीपमाला वाकली. मांजरीचे डोळे फटीएवढे झाले होते. ओठ सुजले होते, एक गाल तव्यावर फुगणाऱ्या फुलक्यासारखा वर आला होता. पुढच्या पायाने ती तोंड खाजवायला बघायची आणि अर्ध्यातच पाय टाकून द्यायची.

"माय गं… हे काय झालं हिला?"

"कळत नाही. सकाळी सुई देऊन आणली तेव्हा बरी होती. घरी आली, एकदा ओकली, आणि मग हे असं."

"कसली सुई?"

"पिसाळ्याची. छबूबाईंनी सांगितलं होतं ना."

दीपमाला पायरीवरच बसली.

"मी काल दिलीय," ती म्हणाली.

"काय?"

"तीच सुई. काल संध्याकाळी. चिखलीच्या दवाखान्यात."

पत्र्यावरून एक थेंब पडला, मग दुसरा.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात गल्लीत पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. घरमालकीण छबूबाई ह्या जुन्या गावातल्या. शेत गेलं, तिथे खोल्या उभ्या राहिल्या, पण गोठ्यावर नजर ठेवायची त्यांची सवय गेली नव्हती. मांजर ठेवायची तर सुई टोचून आणा, असं त्यांनी सकाळी खालच्या भाडेकऱ्याला सांगितलं आणि दुपारी वरचीला. मांजर एक आहे हे त्यांना ठाऊक होतं. हे दोघांना ठाऊक नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कारण मांजरीने आपला हिशोब बरोबर बसवला होता. दीपमाला अंधारातच बस पकडायला बाहेर पडली की ही खाली यायची, निरंजनच्या खिडकीला हातभर फट असे तिच्यातून आत. दुपारी तो चाकणच्या बसला गेला की जिना चढून वर. दोन वेळचं जेवण, दोन नावं, दोन अंथरुणं.

आवाज ऐकून छबूबाई बाहेर आल्या. सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं द्येवा! दोघान्ला सांगितलं म्हंजी दोनदा टोचाया सांगितलं व्हय? एका छपराखाली ऱ्हाता, एकमेकान्ला इचारत न्हाई?"

"आम्ही ओळखत नव्हतो, मावशी," निरंजन म्हणाला.

"मग आता वळखा. पर आदी दवाखान्यात जावा बिगीबिगी!"

त्याने मोटारसायकल काढली. दीपमालाने मांजर ओढणीत गुंडाळून उराशी धरली आणि मागे बसली, मधे एक हात अंतर ठेवून. उन्हातले थेंब तोंडावर येत होते. त्याच्या जाकिटाला मशीनच्या तेलाचा वास होता. कितीही धुतलं तरी न जाणारा तो वास तिच्याही हातांना होता. परक्या माणसाच्या पाठीमागे बसूनही तिला परकं वाटलं नाही, ते त्या वासामुळे असेल.

"हळू चालवा ना."

"अजून हळू चालवली तर मागे जाऊ."

"मग जाऊ दे मागे. तिला हिसका नको."

प्रत्येक गतिरोधकाशी तो पाय टेकून गाडी जणू हाताने उचलून पलीकडे ठेवत होता. दीपमालाने ते पाहिलं.

दवाखान्यात मंजुषा मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, आवाज करडा, हात मात्र मऊ. त्यांनी मांजरीच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली, हकीकत ऐकली.

"विष नाही घातलंत तुम्ही. लस दोनदा गेली तरी बहुतेकांना काही होत नाही. हिला सोसली नाही." त्यांनी सूज उतरायचं औषध टोचलं. "संध्याकाळपर्यंत तोंड जाग्यावर येईल. पण काही दिवस सुस्त राहील. अंग गरम लागेल, टोचलं तिथे गाठ येईल. गाठ चोळायची नाही, हळद-चुना लावायचा नाही. दृष्ट काढायची असेल तर लांबून काढा. श्वास भराभर चालला किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर तडक आणा. नजर ठेवायला कोण आहे?"

"मी," दोघं एकदम म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नवरा-बायको?"

"नाही!" हेही दोघं एकदमच म्हणाले, आणि दीपमालाचे कान गरम झाले.

"बरं. मग आळीपाळीने बघा. आणि या खेपेला एकमेकांशी बोला."

कारखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची हकीकत सांगतो. कुठे आवाज करतंय, कुठे तापतंय, काय जपायचं. ते सांगितल्याशिवाय हात पुसून जायचं नसतं. या दोघांना दुसरी रीत माहीत नव्हती, म्हणून त्यांनी मांजरीसाठी तीच धरली. दुपारी दीपमालाची बस यायची. निरंजनची बस निघायला थोडा अवकाश असायचा; एरवी तो वेळ दाराआडच जायचा. चहाचा कप निवेल एवढा. तेवढ्यात जिन्याच्या पायरीवर बसून त्याने सकाळची हकीकत सांगायची, तिने रात्रीची.

पहिल्या दिवशी ती धावतच आली.

"कशी आहे?"

"पाणी प्यायली. एकदा उठून खिडकीपर्यंत गेली, पण वर उडी मारवली नाही. श्वास ठीक. आवाज बंद."

"आवाज बंद म्हणजे?"

"घुरघुरत नाही हो. मोटर बंद आहे."

तिला हसू आलं. मांजर आजारी असताना हसू आलं म्हणून लगेच लाजही वाटली.

"आणि गाठ?"

"आहे. तुमच्याकडे किती होती?"

"तुरीच्या दाण्याएवढी."

"तुमच्याकडे सगळं तुरीत मोजतात काय?"

"बीडची आहे मी. तूर नाहीतर हरभरा. तुमच्याकडे कशात मोजतात?"

"कोळंबीत," निरंजन गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "सोललेल्या."

बसचा भोंगा वाजला. तो उठला, डबा घेतला, दोन पावलं गेला आणि मागे वळला. "तुमचा चहा झाकून ठेवलाय. बशीखाली." आणि गेला.

तिने बशी उचलली. चहा कोमट झाला होता. वेलची घातलेली होती. या शहरात आल्यापासून तिच्यासाठी कुणी चहा झाकून ठेवला नव्हता. खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली, त्यानंतर तर दाराची कडी वाजवणारंही कुणी उरलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, 'कुणी हाय का गं तिथं तुझं, जिवाभावाचं?' आणि दीपमाला म्हणायची, 'आहे की. मांजर आहे.' आई हसायची. दीपमालाने मात्र ते थट्टेत सांगितलेलं नसायचं.

म्हणून तिचा जीव त्या मुठीएवढ्या जिवात अडकला होता. संध्याकाळी ती मांजरीपाशी बसून राही. हिरड्या बघे, गुलाबी आहेत ना. कान हातात धरी, गरम आहेत का. दुसऱ्या दिवशी पायरीवर येऊन सगळं त्याला सांगे. आणि सांगता सांगता कधी बोलणं मांजरीवरून घसरून भलतीकडेच जाई.

"ही भाकरी घ्या. डब्यात भात-आमटीच असते ना रोज?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"वास येतो वर. आणि हा ठेचा. बेतानं खा."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कसा होता ठेचा?"

"डोळ्यांत पाणी आलं."

"तिखटानं?"

"आता… तुम्ही म्हणाल त्याने."

दीपमालाने मान खाली घातली आणि मांजरीच्या अंगावरून हात फिरवला. त्याच वेळी त्याचाही हात तिथे आला. पांढऱ्या केसांत दोघांची बोटं क्षणभर एकमेकांपाशी थांबली… आणि दोघांनीही गाठ तपासत असल्यासारखं केलं. गाठ त्या बाजूला नव्हती.

दिवसभर खोट शोधणारे तिचे डोळे. कुठे ओरखडा, कुठे चीर, लगेच दिसायचं. ह्या माणसात तिने नकळत खोट शोधली. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. हसताना तो डावीकडे मान कलती करायचा. बस, एवढंच. याहून जास्त काही सापडेना, तेव्हा तिला भीती वाटायला लागली.

आणि मग एका संध्याकाळी मांजर बरी झाली.

दीपमाला पोळ्या लाटत होती. मागून धपकन आवाज आला. कपाशी फळीवर चढून बसली होती आणि तिने साखरेचा डबा खाली लोटला होता. तिथून तिने थेट दीपमालाच्या वेणीवर झेप घेतली, वेणी दोन पायांत धरून लोळली, मग बशीतला दूधभात चाटूनपुसून संपवला आणि मांडीवर येऊन घुरघुरायला लागली. इतकी जोरात, की दीपमालाच्या मांडीला ते जाणवत होतं.

"बाई गं, बरी झालीस!" तिने मांजरीला उचलून गालाला लावलं. खाली जाऊन छबूबाईंना सांगावं म्हणून उठलीही. आणि दारातच थांबली.

मांजर बरी झाली, तर उद्या पायरीवर कोण थांबेल? कशाला थांबेल?

दुसऱ्या दिवशी निरंजनने विचारलं, "काल कशी होती?"

दीपमालाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नुसती… पडून होती. दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं."

त्याच्या कपाळावर आठी आली. दुसरीकडे बघत तो म्हणाला, "माझ्याकडेही… सकाळी बशी तशीच राहिली."

आता खरी धास्ती दीपमालालाच बसली. माझ्याकडे चाटूनपुसून खाते, आणि ह्यांच्याकडे शिवत नाही? आतलं काही दुखणं तर नाही ना, वेळ धरून उठणारं? ती मांजरीकडे बघत राही. मांजर पाय वर करून अंग चाटत असे. खरं सांगून टाकावं असं रोज घरी येताना बसमध्ये ठरवायची. पण पायरीवर तो बसलेला दिसला, झाकलेला कप दिसला, की तोंडातून निघायचं, "काही फरक नाही हो." आणि तो म्हणायचा, "इथेही तसंच."

असे दिवस गेले. बुधवारी तो म्हणाला, "उद्या मी रजा टाकलीय."

"का?"

"डॉक्टरांना फोन केला होता. मांजर इतके दिवस खात नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, घेऊन या, सुई द्यावी लागेल. तुम्हाला सुट्टीच आहे. येता ना?"

सुई. दोन सुयांनी जिची ती गत झाली, तिला तिसरी? आणि ती कशासाठी, तर दीपमालाच्या खोट्यासाठी. ती उघड बोलली तर मांजर वाचेल. पण मग हा माणूस तिच्याकडे कुठल्या नजरेने बघेल? आजाराची खोटी बातमी देऊन आपल्याला रोज अडकवून ठेवणारी मुलगी… उद्यापासून पायरी रिकामी.

"येता ना?" त्याने पुन्हा विचारलं.

"येते," ती म्हणाली. दुसरं काही निघालंच नाही.

गुरुवारी मांजर वेताच्या करंडीत होती. वाटभर ती ओरडत होती, अशी खणखणीत, की सायकलवरून जाणारे वळून बघत होते. आजाऱ्याचा आवाज तसा नसतो. दीपमालाला ते कळत होतं. तिने एकदा, "ऐका ना…" म्हटलं.

"काय?" त्याने मान वळवली.

"काही नाही. खड्डा आहे पुढे."

मॅडमनी मांजर टेबलावर घेतली. ताप पाहिला. हिरड्या पाहिल्या. टोचलेली जागा बोटाने चाचपली.

"गाठ विरली. ताप नाही. केसांना चकाकी आहे." त्यांनी काट्यावर ठेवली. "आणि वजन वाढलंय. तुम्ही दोघं म्हणता, खात नाही."

दोघंही काट्याकडे बघत राहिले.

"हे बघा, मांजरीने खाणं सोडलं तर थांबून चालत नाही. तिचं लिव्हर जातं. रक्त काढून बघू, आणि एक सुई देते. तशी जरा कडक आहे. आधी हिला सोसलं नव्हतं, म्हणून जपून देऊ. पण खातच नसेल तर इलाज नाही."

त्यांनी बाटली उलटी धरली. औषध नळीत चढायला लागलं. मांजर दीपमालाच्या कोपरात तोंड खुपसून बसली. त्या कोपराएवढी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही, असं तिला वाटत असावं.

"थांबा!" दीपमाला म्हणाली.

सुई हवेतच राहिली.

"मॅडम, ती खाते. सगळं खाते. काल माझ्या ताटातली अर्धी पोळी पळवली तिनं. फळीवर उड्या मारते." आता थांबणं शक्य नव्हतं. "मी खोटं सांगितलं. ह्यांना रोज खोटं सांगितलं. ह्यांची काही चूक नाही."

"का पण?"

दीपमाला मांजरीच्या कानांकडे बघत राहिली. निरंजनकडे बघायची हिंमत तिच्यात नव्हती.

निरंजनने मान खाजवली.

"मॅडम… सकाळीही खाते ती."

दीपमालाने झटकन वर पाहिलं.

"बशी तशीच राहायची म्हणालात ना?"

"राहायची तर. रिकामी राहायची." त्याने मान डावीकडे कलती केली. "बांगड्याचं डोकं, सुकट, भात. सगळं साफ. एक दिवस खिडकीतली पाल पण खाल्लीन."

मॅडमनी सुई ट्रेमध्ये ठेवली. हातमोजे काढले. बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे ही दोन्ही पाळ्यांत जेवते. म्हणून फुगलीय. एक जेवण कमी करा." मग दाराकडे हात केला. "बाहेर एक म्हातारी शेळी घेऊन बसलीय, तिला खरोखरच बरं नाही. तुमचं जे काय उरलंय ते बाहेर जाऊन बोला."

बाहेर ऊन होतं आणि थेंबही होते. दोघं गाडीपर्यंत चालत आले.

"तुम्ही पण?" दीपमाला म्हणाली. तिला राग आला होता, आणि रागाच्या खालून हसू वर यायला बघत होतं.

"सुरुवात तुमची."

"मी किती घाबरले होते, माहीत आहे? माझ्याकडे खाते आणि तुमच्याकडे नाही, म्हणजे आत काय झालंय हिला!"

"आणि मी? माझ्याकडे बशी चाटते नि तुमच्याकडे तोंड फिरवते म्हटल्यावर मला काय वाटलं असेल? रजा उगीच टाकली काय?"

"मग खोटं का बोललात?"

"तुम्ही का बोललात?"

"मी आधी विचारलं."

"चहा घेऊ," तो म्हणाला. "आज गरम."

चौकातल्या टपरीवर बाकड्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मधे करंडी. समोर रस्ता भरून गेला होता. कंटेनर, टेम्पो, बसगाड्या, सगळं एकमेकांत अडकलेलं, कुणीच हलत नव्हतं. त्या गर्दीत चाकणकडे जाणारी एक पांढरी बस नेमकी टपरीसमोर येऊन थांबली. निरंजनने ती पाहिली आणि चटकन मान खाली घातली. पण उशीर झाला होता.

"ए निऱ्या!" खिडकीतून एकाने अर्धं अंग बाहेर काढलं. "रजेवर ना रे तू? भावा, मांजर आजारी आहे म्हणत होतास!"

"बरी झाली, रोहिदास!" निरंजन ओरडला. "जा तू!"

"जाऊ कुठे? पुढे कंटेनर आहे." रोहिदासची नजर दीपमालावर गेली. त्याचे डोळे मोठे झाले. "अरे… ह्याच का त्या? वरच्या मजल्यावरच्या?"

बसच्या खिडक्या एकामागून एक सरकल्या. प्रत्येकीत एक एक तोंड आलं.

"विचारलंस का रे?" मागच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

"नसेल विचारलं. तोंड बघ त्याचं!"

दीपमालाने पेला खाली ठेवला. "काय विचारायचं होतं?"

निरंजनचे कान लाल झाले होते.

"यांना सगळ्यांना कसं माहीत?"

"चाकणपर्यंत रोज असाच जाम असतो," तो पेल्यात बघत म्हणाला. "माणूस बसमध्ये बोलणार तरी काय…"

"काय बोललात?"

"हेच की… वरच्या मजल्यावर एक मुलगी आहे. बोलायला लागली की बस चुकावी असं वाटतं. मांजर बरी झाली तर ती पायरीवर बसायची नाही, म्हणून मी मांजरीला बरी होऊ देत नाहीये… आणि तिला विचारायचंय. माझ्याशी लग्न करशील का म्हणून. पण ती समोर आली की गाठ केवढी आहे, तेवढंच विचारलं जातं."

थेंब थांबले होते की पडत होते, दीपमालाला कळलं नाही. समोरची गर्दी, भोंगे, धूर, सगळं कुठेतरी लांब गेल्यासारखं झालं. पाण्याखालून बघावं तसं. तिला दिसत होता तो फक्त वेगळ्या रंगाच्या बटणाचा शर्ट, आणि त्याच्या आत भराभर वरखाली होणारा श्वास.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "सगळ्या दुसऱ्या पाळीला सांगितलंत. मला सोडून."

"त्यांना सांगणं सोपं होतं. ते नाही म्हणाले असते तरी चाललं असतं."

करंडीचं झाकण हललं. पांढरं डोकं वर आलं, मग एक पाय. "अगो बयो, थांब!" म्हणत निरंजनने दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं.

दीपमाला उठली. ओढणी डोक्यावर घेतली, आणि अडकलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढत थेट बसच्या खिडकीपाशी गेली. खिडक्यांतली सगळी तोंडं एकदम गप्प झाली.

"रोहिदासभाऊ ना तुम्ही?"

"हो… वहि… नाही, म्हणजे, ताई. बोला."

"तुमच्या दोस्ताला एक निरोप द्यायचाय."

"तो काय, तिथे बसलाय की!"

"त्यांना तुमच्यापाशी बोलायची सवय आहे. तुम्हीच द्या." तिने खिडकीची दांडी धरली आणि टाचा उंच केल्या. "म्हणावं, ती हो म्हणाली."

बसमधून असा गलका उठला की टपरीवाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. कुणी पत्रा बडवला, कुणी शिट्टी घातली. ड्रायव्हरने काय झालं ते न विचारताच भोंगा दाबून धरला. आणि पुढचा कंटेनर हलला. बस गचका घेऊन निघाली, हलणाऱ्या हातांसकट चाकणच्या दिशेने गेली.

दीपमाला परत आली. निरंजन करंडी पोटाशी धरून उभा होता, मांजर झाकणातून बाहेर डोकावत होती.

"काय सांगितलंत त्याला? त्या आवाजात काही ऐकू आलं नाही."

तिने आपला पेला उचलला. चहा अजून गरम होता. ती बाकड्यावर बसली, या वेळी मधे करंडीएवढीही जागा न ठेवता.

"उद्या बसमध्ये कळेल," ती म्हणाली.